वाघ दिसतो कुणाला?

भंडाऱ्याजवळच्या कोका अरण्याला २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. दिवाळीच्या सुटीत नागपूरची मंडळी मुलाबाळांसह तिकडे जातात. मग गाडीत एक ठरलेला प्रवेश होतो. वाटाड्या हळूच म्हणतो, "साहेब, त्या झुडपाच्या डाव्या अंगाला पाहा!" साहेब चष्मा पुसतात, बाईसाहेब दुर्बीण फिरवतात, आणि "कुठे हो, कुठे?" होईतो वाघोबा दिसेनासे झालेले असतात!

नेत्रवैद्याच्या तक्त्यासमोर उभे केले तर कदाचित साहेबांचीच नजर सरस ठरेल. फरक आहे तो डोळ्यांच्या मागे, मेंदूत.

डोळा म्हणजे कॅमेरा, असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच खरे. प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या बारा-तेरा कोटी पेशी असतात; पण तिथून मेंदूकडे निघणाऱ्या मज्जातंतूत तंतू असतात जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे बातमी निघण्यापूर्वीच तिची काटछाट होते! शिवाय लख्ख दिसतो तो हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच भाग. खरे वाटत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवा आणि ती न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचून पाहा. बुबुळे सेकंदाला तीन-चार उड्या मारतात, त्या तुकड्यांतून मेंदू अखंड चित्र जुळवतो, आणि कमी पडेल तिथे पूर्वानुभवाची भर घालतो.

वाटाड्याचे अनुभवाचे गाठोडे मोठे. वाळल्या गवतात वाघ अख्खा क्वचितच दिसतो; दिसते कानाची कड नाही तर शेपटीचे टोक. तेवढ्यावरून त्याचा मेंदू वाघ पुरा करतो. चितळाची हाक आली की कुठे पाहायचे हेही त्याला कळते. बिचाऱ्या चितळाची मात्र पंचाईतच! माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, हरणांच्या दोनच. आपल्याला भडक नारिंगी वाटणारा वाघ त्यांना गवतासारखाच हिरवट दिसत असावा.

लूक टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने पाइनच्या जंगलात अळ्या टिपणाऱ्या लहान पक्ष्यांचा अभ्यास केला. नवी अळी निघाली तरी प्रथम पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नसत. मग एकाएकी तिच्यावरच तुटून पडत. शोधायच्या वस्तूचे चित्र आधी मनात ठसावे लागते, असे अनुमान त्याच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. धानाच्या बांधीत निंदण करणाऱ्या बायांचा हात रोपांत लपलेल्या गवतावर नेमका पडतो, तो याच विद्येने. उलट, वाघाचेच चित्र घेऊन बसलेल्याला डोक्यावरच्या फांदीवरले घुबड दिसत नाही.

पाहणे असे शिकावे लागते, आणि त्याचा श्रीगणेशा पाळण्यातच होतो. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या सुमारास मांजराच्या पिलांचा एक डोळा जन्मानंतरचे काही आठवडे बंद ठेवला. पुढे उघडला, तेव्हा डोळा धडधाकट होता. पण मेंदूने त्याची बातमी घेणेच सोडले होते! या संशोधकांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच आपल्या मुलांतही घडते. एका डोळ्याचा नंबर मोठा असला किंवा तो तिरळा असला, तर मेंदू दुसऱ्यावरच भिस्त ठेवतो. याला 'आळशी डोळा' म्हणतात. आळस खरे तर मेंदूचा! मूल तक्रार करीत नाही, कारण त्याचे एका डोळ्यावर छान चाललेले असते. चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून मेंदूला पुन्हा कामाला लावता येते. सात-आठ वर्षांच्या आत हा उपाय उत्तम लागू पडतो. पुढे तो कठीण होत जातो. "तिरळेपणा मोठेपणी आपोआप जाईल" हा आजीबाईंचा दिलासा म्हणूनच महागात पडतो.

घरी एवढे करून पाहावे: मूल खेळण्यात रंगले असता त्याचा एकेक डोळा हलकेच झाकावा. एका डोळ्याला ते काही म्हणत नाही आणि दुसरा झाकताच चिडून हात झिडकारते, असे वारंवार झाले तर नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. तसे काही झाले नाही तरी शाळेत घालण्यापूर्वी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेतच. कारण थोडा अधू डोळा या घरगुती परीक्षेत सहज पास होतो.