काठावरची नाव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात उन्हाळ्याच्या दिवसांत कृष्णेच्या काठाने हिंडलं, की घाटापासून जरा बाजूला बाभळीखाली पालथी घातलेली लाकडी नाव दिसते. अशीच एक पाहिली तेव्हा तिच्या पाठीवर शेणी वाळत घातल्या होत्या आणि खाली सावलीला कोंबड्या बसल्या होत्या. जळणाचं लाकूड समजून मी पुढे निघालो. सोबतच्या म्हाताऱ्या नावाड्याने दंडाला धरून थांबवलं, एक गोटा उचलला आणि तळाच्या फळीवर ठोकला. खणखणीत आवाज आला. हातभर पुढे ठोकला, तर बद्द. तिथे त्याने पटाशी टेकवली, तशी ती दोन बोटं आत गेली. लाकूड भिजल्या भाकरीसारखं सुटून आलं आणि मधला लोखंडी खिळा गंजून सुतळीएवढा उरला होता. मग असाच ठोकत ठोकत तो दुसऱ्या टोकापर्यंत गेला. एवढ्या मोठ्या नावेत सडलेल्या फळ्या निघाल्या दोन. बाकीचा सागवान धड होता.

जुनी लाकडी नाव पारखायची रीत जगभर थोड्याफार फरकाने हीच. आधी ठोकून ऐकायचं, मग टोचून बघायचं. रंगाकडे बघायचं नाही, कारण डांबराच्या एका हातामागे काहीही झाकता येतं. बघायचे ते खिळे, फळ्यांचे जोड आणि पावसाचं पाणी साचून राहील असे कोपरे.

लाकडी नावेला नदीचं पाणी तितकं बाधत नाही, जितकं काठावरचं ऊन बाधतं. पाण्यात असताना फळ्या फुगून एकमेकींना घट्ट दाबून धरतात. उन्हात त्या आकसतात, जोड उघडतात, भरलेला कापूस आणि राळ गळून पडते. त्या फटींत वळवाचा पाऊस शिरतो आणि तिथून कुजायला सुरुवात होते. मोठमोठ्या नावाही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची 'सिक्वोया' ही १०४ फुटांची लाकडी मोटरयॉट १९२५ साली बांधलेली. हूवरपासून फोर्डपर्यंतच्या अध्यक्षांच्या काळात ती वापरात होती. कार्टर यांनी १९७७ मध्ये ती विकून टाकली. पुढे मालकीच्या भांडणात ती व्हर्जिनियातल्या एका बोटयार्डात जमिनीवर अडकून पडली. २०१६ मध्ये निकाल देताना न्यायाधीशांनी नोंदवलं, की तिच्यात रॅकून राहू लागले आहेत. २०१९ मध्ये तिला बार्जवर चढवून दुरुस्तीसाठी मेन राज्यात नेलं. इतका मान मिळालेल्या नावेचे काठावर हे हाल होतात, तर आपल्या शेणी वाहणाऱ्या नावेची काय कथा!

कोल्हापूरकरांना नावेचं काय, असं कुणी म्हणेल. पण मालवण आणि सिंधुदुर्ग एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. १८१२ च्या तहात ते इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचा समुद्र सुटला. पुढे पाचच वर्षांनी, १८१७ मध्ये, मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाज बांधणाऱ्या घराण्याने मलबारी सागवानाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. ती आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. साग टिकतो तो असा, दोनशे वर्षं. अट एकच, त्याची निगा राखणारं कुणीतरी हवं.

आपल्याकडे समुद्र गेला तरी नदी राहिली. पंचगंगा, कृष्णा, वारणा, दूधगंगा यांच्या काठांवर पूल होईपर्यंत नावच चालायची. बाजाराला जाणारी बाई, शाळेची पोरं, म्हशीसुद्धा नावेतून पलीकडे जायच्या. नाव नसेल तिथे गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडायची आणि वल्ह्याने हाकायची. पूल झाले आणि नावाड्याची पोरं कारखान्यात, एमआयडीसीत लागली. त्यात वाईट काही झालं असं मला म्हणायचं नाही. पूल हवाच होता. नाव मात्र काठावर राहिली.

आणि पूर येतो तेव्हा पहिल्यांदा पूलच बंद होतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. चिखली, आंबेवाडी ही गावं पाण्यात गेली. एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, नौदलाची पथकं आली, त्यांनी माणसं काढली. त्यांचे उपकार आहेत. पण बाहेरची बोट पोहोचेपर्यंतचे तास गावाला आपल्याच नावेवर काढायचे असतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून लोकांना बाहेर काढताना नाव उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. नाव असणं पुरत नाही. ती धड हवी, माणसं मोजून बसवायला हवीत आणि वल्ह्याला नदी ओळखणारा हात हवा. माझा आग्रह एवढाच आहे, की ही पारख पाणी चढल्यावर करायची नसते. ती करायची वैशाखात.

त्या नावेच्या दोन फळ्या मे महिन्यात बदलल्या. नवे खिळे बसले, जोडांत कापूस ठोकून भरला, वरून राळ आणि तेल. मग गावातल्या वीस-पंचवीस माणसांनी ती खांद्यावर उचलून घाटाशी आणली आणि आत धोंडे भरून चक्क बुडवली. मी घाबरलो. नावाडी पायरीवर पाय सोडून निवांत तंबाखू मळत बसला होता. पहिल्या दिवशी फळ्यांच्या जोडांतून बुडबुड्यांची रांग वर येत होती. तिसऱ्या दिवशी धोंडे काढले, पाणी उपसलं, आतली बाजू उन्हात वाळू दिली आणि तो अनवाणी आत उतरला. तळाशी बसून एकेका जोडावरून त्याने तळहात फिरवला आणि हात वर करून दाखवला. कोरडा होता.