कुणकेश्वराजवळचे थडगे

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वराला भाविक दक्षिण कोकणची काशी म्हणतात. देऊळ अगदी दर्याला खेटून. ओहोटी लागली की किनाऱ्याच्या कातळात कोरलेली शिवलिंगे उघडी पडतात, भरतीला पुन्हा पाण्याखाली जातात. महाशिवरात्रीच्या यात्रेला गावोगावच्या देवस्वाऱ्या तरंगांसह, म्हणजे देवांच्या सजवलेल्या काठ्यांसह, तीर्थस्नानाला येतात.

या सगळ्या शैव थाटाच्या शेजारी एक थडगे आहे. मुसलमानाचे.

गोष्ट सांगतात ती अशी. एका व्यापाऱ्याचे गलबत वादळात सापडले. कुणी त्याला अरब म्हणतात, कुणी इराणी. नाव कुणीच सांगत नाही. काळोखात किनाऱ्यावर एक दिवा मिणमिणताना दिसला. तिथे जो कुणी देव असेल त्याला तो बोलला, वाचलो तर तुझे देऊळ बांधीन. वाचला आणि बांधलेही. काम पुरे झाल्यावर मात्र त्याच्या ध्यानात आले, की आता आपली माणसे आपल्याला जवळ करणार नाहीत. त्याने शिखरावरून उडी टाकली.

एक वास्तू आणि दोन धर्म म्हटले, की इस्तंबूलची हागिया सोफिया आठवते; तिची कथा जगाला पाठ आहे. ५३७ साली चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय, २०२० मध्ये पुन्हा मशीद. तिथे वास्तू तीच राहिली, धनी बदलत गेले. कुणकेश्वराच्या कथेत देव जागचा हलत नाही; परका आहे तो बांधणारा.

दंतकथा ती दंतकथाच. पण ती ज्या किनाऱ्यावर रुजली, तिथे अशी माणसे खरोखर वावरत होती. १००८ सालच्या खारेपाटणच्या ताम्रपटात परदेशी गलबतांवरच्या कराची नोंद आहे. त्याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला मिळाला. तो ताम्रपट ९२६ सालचा, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळातला. तेव्हा त्या बाजूच्या संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे होता. हे नाव मोहम्मदचेच संस्कृत रूप मानतात. तिथे एका ब्राह्मणाने भगवतीची मठिका बांधली होती. तिच्या खर्चासाठी राजाच्या संमतीने जमीन लावून दिली ती या मधुमतीने.

म्हणजे कुणकेश्वरच्या गोष्टीतला माणूस अगदीच अशक्य नाही. त्याचा शेवट तेवढा फार निष्ठुर आहे.

दर्शनाला जाल तेव्हा ओहोटीची वेळ विचारून निघा, म्हणजे कातळातली लिंगेही दिसतील. आणि परतण्याआधी थडग्यापाशी घटकाभर थांबा.