आधी स्पिंडल, मग कटर : सीएनसी मशीन काही सेकंद का थांबतं?



आपल्यापैकी जे एमआयडीसीच्या आसपासच्या शाळांत शिकवतात, त्यांच्या वर्गात "माझे बाबा सीएनसी चालवतात" असं सांगणारी मुलं असतातच. आता तर देव्हाऱ्याची नक्षी किंवा दारावरच्या नावाच्या पाट्या कोरणारं छोटं मशीन एखाद्या सुताराच्या दुकानातही दिसतं. मुलं ते टक लावून बघतात आणि वर्गात येऊन विचारतात, "मोटर सुरू झाल्यावर मशीन थोडा वेळ नुसतंच का उभं राहतं? हँग होतं का?"

हँग होत नाही. ते मुद्दाम थांबवलेलं असतं, आणि ज्या मशीनवर असं थांबवलेलं नसतं तिथे टूल तुटतं.

आधी मशीन समजून घेऊ. कटर ज्या फिरत्या दांड्यात पकडलेला असतो तो स्पिंडल. कटर उजवीकडे-डावीकडे, पुढे-मागे, वर-खाली नेणाऱ्या मोटर वेगळ्या. या सगळ्यांना हुकूम देतो तो कंट्रोलर, आणि तो प्रोग्रामच्या ओळी एकामागून एक वाचत जातो. स्क्रीनवर ही अक्षरं इंग्रजीत असतात, मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय :

एम ३ एस १८०००
जी १ झेड -२ एफ ३००

पहिली ओळ सांगते, "स्पिंडल मिनिटाला १८००० फेऱ्यांनी फिरव." दुसरी सांगते, "कटर लाकडात २ मिलिमीटर उतरव, वेग मिनिटाला ३०० मिलिमीटर."

खरी गोम या दोन ओळींच्या मधे आहे. पहिली ओळ वाचली म्हणजे स्पिंडल फिरायला लागला असं नाही, फक्त हुकूम गेला. छोट्या मशीनचा कंट्रोलर हुकूम पाठवतो आणि मागे वळून बघत नाही. स्पिंडल खरंच वेगात आला की नाही हे त्याला कळायची सोयच नसते, म्हणून तो लगेच दुसरी ओळ घेतो. कारखान्यातल्या मोठ्या व्हीएमसी मशीनवर बहुधा "वेग आला" असा सिग्नल परत येतो आणि तोपर्यंत कंट्रोलर स्वतःच थांबतो. म्हणून मोठ्या मशीनवर काम केलेला माणूस छोट्या मशीनवर आला की हमखास फसतो.

मुलांना हे सांगायला पिठाची गिरणी उत्तम. गिरणीवाले काका बटण दाबल्या दाबल्या दाणे सोडत नाहीत. आवाज चढतो, एकसारखा होतो, मगच दाणे पडतात. काकांना कान आहेत. आपल्या छोट्या कंट्रोलरला नाहीत.

आता आकडे बघू. पाचवी-सहावीच्या मुलांना हे गणित जमतं. स्पिंडलला वीज देणारा एक ड्राइव्ह असतो, त्याला कारागीर व्हीएफडी म्हणतात. तो वेग हळूहळू चढवतो. समजा ० पासून २४००० फेऱ्यांपर्यंत जायला त्याला १० सेकंद लावून दिले आहेत, म्हणजे दर सेकंदाला वेग २४०० फेऱ्यांनी वाढतो. कटर लाकडाच्या ५ मिलिमीटर वर उभा आहे. मिनिटाला ३०० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ५, तेव्हा तो १ सेकंदात लाकडाला टेकतो. त्या वेळी स्पिंडलचा वेग जेमतेम २४००! आणखी २ मिलिमीटर आत शिरायला ०.४ सेकंद लागतात, तेव्हा वेग ३३६०. हवे होते १८०००.

मग काय बिघडलं? कटरला दोन धारा आहेत असं धरा. १८००० फेऱ्यांत त्या मिनिटाला ३६००० वेळा लाकूड कापतात. कटर बाजूला मिनिटाला १२०० मिलिमीटर सरकत असेल, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला १२०० भागिले ३६०००, म्हणजे सुमारे ०.०३३ मिलिमीटरचा घास येतो. वेग ३३६० असताना मिनिटाला कापण्या होतात फक्त ६७२०, आणि घास होतो सुमारे ०.१८ मिलिमीटर. पाचपटीहून मोठा! कार्बाइडचा कटर कडक असतो पण ठिसूळ, वाकत नाही, तुटतो. बारीक नक्षीचा १ मिलिमीटरचा कटर असेल तर बोलायलाच नको. तुटलेला तुकडा कुठे उडेल याचा नेम नाही. सुट्टीत बाबांच्या दुकानात मुलं मशीनपाशी तोंड नेऊन बघत असतात. पालकहो, गॉगल आणि अंतर, दोन्ही हवं. डिले टाकला असला तरीही.

उपाय एका ओळीचा. दोन्ही ओळींच्या मधे थांब्याची ओळ टाकायची :

एम ३ एस १८०००
जी ४ पी ८
जी १ झेड -२ एफ ३००

जी ४ म्हणजे "आहेस तिथे थांब." किती वेळ, ते पी सांगतो. सेकंदाला २४०० च्या हिशोबाने १८००० गाठायला ७.५ सेकंद लागतात, म्हणून ८ लिहिले, ९ लिहिले तर आणखी बरं. आपण वर्गात जवळच्या संख्येपर्यंत पूर्णांकन शिकवतो. इथे मात्र नेहमी वरच जायचं, ७.१ असले तरी ८.

आता एककांची भानगड. जीआरबीएल आणि लिनक्स सीएनसी या प्रणालींत पी म्हणजे सेकंद. मार्लिनमध्ये पी म्हणजे मिलिसेकंद, तिथे पी ८ लिहिलं तर मशीन सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजून ८ भाग थांबेल, म्हणजे थांबणारच नाही. तिथे पी ८००० हवं किंवा एस ८. फॅनकवरही साधारणपणे पी मिलिसेकंदात असतो. मॅक ३ मध्ये सेकंद की मिलिसेकंद हे सेटिंगमधून ठरतं. "उत्तरापुढे एकक लिहा" म्हणून आपण मुलांच्या मागे लागतो ना, त्याचं इतकं रोकडं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. त्यामुळे नवीन मशीनवर पहिल्यांदा लाकूड न लावता, कटर बराच वर ठेवून ही ओळ चालवावी आणि हातात स्टॉपवॉच धरावं.

प्रत्येक प्रोग्राममध्ये ही ओळ हाताने घालणं मला पटत नाही. एकदा विसरलं की संपलं. मॅक ३ मध्ये स्पिंडलच्या सेटिंगमध्येच सुरुवातीचा डिले भरता येतो. डिझाइनवरून प्रोग्राम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोस्ट प्रोसेसरमध्ये ती ओळ एम ३ नंतर कायमची बसवता येते. आणि ती प्रत्येक एम ३ नंतर हवी. टूल बदलताना स्पिंडल बंद होतो, पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पहिल्या टूलला थांबा आणि दुसऱ्याला नाही, असे प्रोग्राम बरेच दिसतात. थांबा कटर वर असतानाच हवा, लाकडात शिरल्यावर नाही, हे ओघाने आलंच. राउटर हाताने चालू करावा लागत असेल तर जी ४ ऐवजी एम ०, म्हणजे आपण बटण दाबेपर्यंत मशीन थांबतं.

"त्यापेक्षा ड्राइव्हच एका सेकंदात वेग घेईल असा लावला तर?" हुशार मूल हे विचारणारच. थोडा कमी करता येतो, पण फार घाई केली की मोटर एकदम जास्त वीज ओढते आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. मग स्पिंडल बंद, कंट्रोलरला पत्ता नाही, आणि कटर आपला लाकडात घुसतोय!

वर्गासाठी एक गणित देते. ड्राइव्हला २४००० फेऱ्या गाठायला ८ सेकंद लागतात. काम १५००० फेऱ्यांवर करायचं आहे. एका जॉबमध्ये ६ वेळा स्पिंडल सुरू होतो. प्रत्येक वेळी किती थांबायचं आणि एकूण किती वेळ जाईल? गणिताने ५ सेकंद येतात, मशीनवर १ सेकंद जास्तीचा धरून ६ लिहायचे, एकूण ३६ सेकंद. मग मुलांना एका कटरची किंमत घरी विचारून यायला सांगा.