डाळिंबाची छाटणी : कात्री जपा, बाग जपा

सोलापूर भागात तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा मोडलेल्या आपण पाहिल्या. हा रोग जिवाणूंचा. रोगट झाडावर चाललेली कात्री तो निरोगी झाडाला लावते. म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्रीची पाती १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावीत.

बोटाएवढ्या फांदीला कात्री, त्याहून जाडीला करवत वापरावी. बोथट कात्रीने फांदी चेचते व जखम लवकर भरत नाही. धार उतरत्या बाजूनेच लावावी. सपाट बाजू घासल्यास पात्यांत फट पडते. या द्रावणाने लोखंड गंजते, म्हणून संध्याकाळी कात्री धुऊन, पुसून तेल द्यावे.

छाटणीची टोळी दुसऱ्या बागेतून आली असेल, तर पहिली फांदी कापण्याआधीच त्यांच्या कात्र्या बुडवून घ्या. त्यात संकोच करू नका.