माळ्यावरील विष

चोपडापूजनापूर्वी पेढी व घर झाडून स्वच्छ करण्याची आपली रीत फार जुनी आहे. पलसाण्यासारख्या ठिकाणी, जेथे रंगाई-छपाईच्या गिरण्या व उसाची शेते शेजारी नांदतात, तेथे या झाडलोटीत माळ्यावरून नाना वस्तू निघतात : हायड्रोसचा गंजलेला डबा, ब्लीचिंग पावडर, आम्लाची बरणी, क्वचित धान्यासाठी आणलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. गृहस्थ त्या मोरीत रित्या करितो, वर दोन बादल्या पाणी ओततो आणि निश्चिंत होतो.

परंतु घात येथेच होतो. हायड्रोसला थोडी ओल लागली की तो आपोआप तापून पेटतो व गंधकाचा गुदमरविणारा वायू सोडतो. फॉस्फाईडच्या गोळीतून नुसत्या दमट हवेनेही फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडले तर क्लोरीन उत्पन्न होतो. पलसाण्याहून फार दूर नसलेल्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे एका टँकरमधील टाकाऊ रसायन नाल्यात सोडले जात असता उठलेल्या वायूने गिरणीतील ६ कामगारांचे प्राण घेतले. टँकर व बरणी यांत अंतर आहे ते केवळ प्रमाणाचे.

साधूंच्या पाच समितींपैकी पाचवी परिष्ठापनिका समिती. टाकावयाची वस्तू जीवरहित जागा नीट पाहूनच टाकावी, असा तिचा दंडक. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्यही आहे. हा शब्द वाचून आपल्यांतील काही रसायन-व्यापारी अस्वस्थ होतील, होवोत.

असा डबा सापडल्यास तो उघडू नये, हुंगून ओळखू पाहू नये. मूळ वेष्टनातच, कोरड्या व हवेशीर जागी, मुलांच्या हाती न लागेल असा ठेवावा. आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र मुळीच नकोत. नाव पुसले असल्यास ‘अज्ञात’ अशी चिठ्ठी चिकटवावी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असा घरगुती घातक कचरा निराळा ठेवून संकलन केंद्रावर देण्यास सांगितले. पेढीचा माल मात्र घरगुती ठरत नाही. तो गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या संस्थेकडेच सोपविला पाहिजे.

लहान गावी संकलन केंद्र जवळ नसते, ही अडचण खरी. तेव्हा आपल्या संघटनेने दिवाळीपूर्वी घरोघरची यादी करून अधिकृत वाहन एकाच दिवशी बोलवावे व खर्च सभासदांत वाटून घ्यावा. एका बरणीसाठी जे वाहन येणार नाही, ते वीस घरांसाठी येईल.