पाण्याखालची वस्ती

वीस रुपयांची जुनी, लालसर नोट तुम्ही पाहिली असेल. तिच्या मागच्या बाजूला माडाची झाडे, समुद्र आणि एक डोंगर दिसतो. 2019 मध्ये नवी नोट आली आणि तिच्यावर आपल्या महाराष्ट्रातील वेरूळची लेणी आली. जुन्या नोटेवरचे ते चित्र मात्र अंदमान बेटांचे आहे. चित्रात किनारा दिसतो, लाटा दिसतात. पण पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. ते पाहायचे असेल तर पाण्यात डोके घालावे लागते. आज आपण तेच पाहायला जाऊ या.

बेटाला उर्दूत आपण 'जझीरा' म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रात जो किल्ला उभा आहे, त्याचे 'जंजिरा' हे नाव याच शब्दाचे मराठी रूप होय. अंदमान व निकोबार हा अशा शेकडो जझीऱ्यांचा समूह बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. त्यांपैकी थोड्याच बेटांवर माणसांची वस्ती आहे. चेन्नईहून विमानाने तेथे दोन-सव्वादोन तासांत पोहोचता येते. जहाजाने मात्र सुमारे तीन दिवस लागतात.

अंदमान म्हटले की तुम्हाला इतिहासाच्या तासातील 'काळे पाणी' आठवेल. 1857 च्या उठावानंतर, 1858 मध्ये, इंग्रजांनी येथे कैद्यांची वसाहत उघडली. मौलाना फज्ले हक खैराबादी यांचा मृत्यू येथेच 1861 मध्ये झाला. पुढे 1906 मध्ये सेल्युलर जेल बांधून पूर्ण झाला. वि. दा. सावरकर आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांनी तेथे शिक्षा भोगली. ज्या समुद्राला कैदी भीत असत, त्याच समुद्रात आज लोक हौसेने उतरतात. या हौसेलाच स्नॉर्केलिंग म्हणतात. तोंडात श्वासाची नळी धरायची, डोळ्यांवर मास्क लावायचा आणि पाण्यावर पालथे तरंगत खालचे जग पाहायचे, एवढाच त्याचा अर्थ.

सहलीची सुरुवात पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन धक्क्यावरून होते. 2024 मध्ये या शहराचे नाव श्री विजयपुरम असे ठेवण्यात आले. येथे सकाळी लवकर निघावे लागते. याचे कारण तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या पूर्वेला सुमारे 20 रेखांश अंतरावर आहे. पृथ्वीला एक रेखांश फिरायला 4 मिनिटे लागतात. म्हणजे तेथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 80 मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच! त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारासच अंधारू लागते. पाण्याखाली पाहायला भरपूर प्रकाश हवा, म्हणून सकाळची वेळ उत्तम.

बोटीत बसण्यापूर्वी वाटाड्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट देतो. ते नुसते खांद्यावर अडकवू नका. सर्व पट्टे आवळा आणि मग खांद्यापाशी धरून वर ओढून पाहा. जॅकेट कानांपर्यंत वर सरकले तर ते सैल आहे असे समजा. स्पीडबोट वेगात आली की तिचे तोंड वर उचलले जाते आणि ती लाटांवर आपटत धावते. पुढच्या बाकांवर धक्के अधिक बसतात, म्हणून पाठीचे दुखणे असलेल्यांनी मागे बसावे. मळमळू लागले तर खाली पाहू नका. दूर क्षितिजाकडे पाहा. कानातील तोल सांभाळणारा भाग 'आपण हलत आहोत' असे सांगतो आणि डोळ्यांना समोरचा बाक स्थिर दिसतो. या दोन साक्षी जुळत नाहीत, म्हणून मळमळते. क्षितिजाकडे पाहिले की दोन्ही साक्षी जुळू लागतात.

पहिला थांबा रॉस बेटाचा. 2018 पासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे आहे. इंग्रज अधिकारी येथे राहत आणि येथूनच साऱ्या बेटांचा कारभार चाले. 1941 मध्ये मोठा भूकंप झाला, 1942 मध्ये जपानी फौजा आल्या आणि इंग्रजांचे वैभव संपले. आज चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी विळखा घातला आहे आणि पडक्या घरांच्या अंगणात हरणे चरतात.

तेथून बोट नॉर्थ बेला जाते. स्नॉर्केलिंग येथेच करायचे असते.

आता साहित्य समजून घ्या. मास्क कशासाठी? पाण्यात उघड्या डोळ्यांनी सारे अंधूक दिसते. हवेतून डोळ्यात शिरताना प्रकाशकिरण वाकतात आणि म्हणून आपल्याला स्पष्ट दिसते. पाणी आणि डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग यांचे गुणधर्म मात्र जवळजवळ सारखे असतात. त्यामुळे पाण्यात किरण पुरेसे वाकत नाहीत. मास्क डोळ्यांसमोर हवेचा एक कप्पा ठेवतो आणि चित्र पुन्हा स्पष्ट होते. पण पाण्यातून काचेत व काचेतून हवेत येताना किरण पुन्हा वळतात. त्यामुळे वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी आणि जवळ दिसते. वीतभर मासा पाहून आलेला माणूस हातभर मासा पाहिल्याचे सांगतो. तो नेहमीच खोटे बोलत असतो असे नाही!

श्वासाची नळी साधारण 35 ते 40 सेंटिमीटर लांब असते. तुम्ही विचाराल, ती दोन मीटर लांब का करत नाहीत? म्हणजे तळाशीच बसून पाहता येईल. याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे, नळी लांब असेल तर आपण सोडलेली अशुद्ध हवा तिच्यातच राहते आणि तीच पुन्हा आत येते. दुसरे म्हणजे, खोल गेल्यावर पाणी छाती दाबते. एक मीटर खोलीवर नळीतून हवा आत ओढणेही अतिशय कठीण होते. म्हणून घरी कोणी बागेच्या पाण्याची नळी तोंडात धरून विहिरीत उतरण्याचा प्रयोग करील, तर त्याला थांबवा. त्यात जीव जाऊ शकतो.

मास्कमध्ये नाकही बंद असते, म्हणून श्वास तोंडानेच घ्यायचा. काठावर, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून याचा सराव करा. नळीत पाणी शिरले तर घाबरू नका. जोराने फुंकर मारा. पाणी वरून उडून जाते. उन्हापासून बचाव करण्यासाठी पूर्ण बाह्यांचे, अंगाबरोबर बसणारे पोहण्याचे कपडे चांगले. असे कपडे घातले म्हणजे अंगाला मलमही कमी चोळावे लागते. काही सनस्क्रीन मलमांतील रसायने प्रवाळांना बाधतात. पलाऊ देशाने 2020 पासून अशा मलमांवर बंदी घातली आहे.

आता डोके पाण्यात घाला. पहिली काही क्षणे फक्त आपल्या श्वासाचा आवाज ऐकू येईल. मग डोळे सरावतील आणि खाली एक वस्तीच दिसेल. कोठे झाडासारख्या फांद्या, कोठे मोठाले गोल धोंडे, कोठे ताटासारखे थर. हे ना झाड, ना दगड. हे प्रवाळ. मराठीत याला पोवळेही म्हणतात. उर्दूत आपण 'मर्जान' किंवा 'मूंगा' म्हणतो. प्रवाळ हा लहान लहान प्राण्यांचा समूह असतो. प्रत्येक प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. यजमान त्याला आसरा देतो. प्रवाळाचे रंगही बरेचसे या भाडेकरूमुळेच असतात.

या घरांच्या आश्रयाला कितीतरी जीव येतात. समुद्राच्या तळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळांनी व्यापला आहे; पण समुद्रातील सुमारे चौथा हिस्सा जाती आयुष्यात केव्हा ना केव्हा त्यांच्या आधाराने राहतात. समुद्रफुलाच्या विषारी बोटांत निर्धास्त लपणारा नारिंगी क्लाउन मासा पाहा. पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेला पोपटमासा पाहा. तो प्रवाळ कुरतडतो आणि पोटातून बारीक वाळू बाहेर टाकतो. किनाऱ्यावर तुमच्या पायांखाली असलेल्या पांढऱ्या वाळूत त्याचाही वाटा आहे.

आता माझी एक चूक तुम्हाला सांगितली पाहिजे. शिक्षकाने विद्यार्थ्यांसमोर चूक कबूल करणे सोपे नसते, तरी सांगतो. मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. आपल्याला काय सांगायचे, अशी माझी ऐट होती. वाटाड्या नियम सांगत होता तेव्हा माझे लक्ष दुसरीकडेच होते. पाण्यात गेल्यावर मास्कची एक कड सुटली आणि नाकात खारे पाणी गेले. विहिरीत असे झाले असते तर मी काठाचा दगड धरला असता. येथे मी घाबरून पाय खाली टेकले. काहीतरी कडकन मोडले आणि माझ्या घोट्याला कापले. जॅकेट अंगावर होते, म्हणून मी बुडालो नाही. वाटाड्याने मला ओढून काठावर आणले, जखम स्वच्छ पाण्याने धुतली आणि औषध लावले. मग तो शांतपणे म्हणाला, "सर, 2010 च्या उन्हाळ्यात इथले पुष्कळ मूंगे पांढरे पडून मेले. तुम्ही मोडलेली फांदी त्यानंतरची होती."

तो माझ्यावर रागावला असता तर बरे झाले असते. पाय आठवड्याने बरा झाला. ती फांदी मात्र परत जोडता आली नाही.

पांढरे पडणे म्हणजे काय? पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ शरीरातील शैवालाला बाहेर टाकतो. भाडेकरू गेला की रंग गेला आणि अन्नही गेले. पाणी लवकर थंड झाले तर शैवाल परत येते. नाही तर प्रवाळ उपासमारीने मरतो. 1998, 2010 आणि 2016 मध्ये अंदमानात असे घडले. 2024 मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही हाच फटका बसला. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढते. धोंड्यासारखे प्रवाळ तर वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. घागरीएवढा धोंडा तुमच्या आजोबांच्या वयाचा असू शकतो.

म्हणून हे नियम लक्षात ठेवा. एकट्याने पाण्यात उतरू नका; सोबती हवाच. प्रवाळावर पाय टेकू नका. दम लागला तर जॅकेटच्या भरवशावर उताणे होऊन तरंगा आणि हात वर करा. अंगठा व तर्जनी जोडून गोल केला म्हणजे 'मी ठीक आहे'. कशालाही हात लावू नका, माशांना पाव घालू नका. किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातील मगरींबाबत फलक असेल तर तेथे पाण्यात जाऊ नका. मेलेला प्रवाळही घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने 2001 पासून प्रवाळांना संरक्षण दिले आहे. ते गोळा करणे गुन्हा आहे. वंडूरजवळ 1983 मध्ये स्थापन झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात तर प्लास्टिक नेण्यासही बंदी आहे. तेथील जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे आलटून पालटून खुली ठेवतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते.

तुम्ही म्हणाल, "सर, अंदमान फार दूर आहे. आम्हाला कोण नेणार?" खरे आहे. पण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. 1987 मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. पावसाळा संपला आणि पाणी निवळले की तेथेही मास्क आणि नळी घेऊन उतरता येते. कधी शाळेची सहल तिकडे गेली तर वाटाड्या बोलू लागताच कान देऊन ऐका. पोहायला येणाऱ्यांनी तर जरा अधिकच लक्ष द्यावे. आपण पाण्याखालच्या त्या वस्तीत पाहुणे म्हणून जात असतो. पाहुण्याने घराची भिंत मोडून येऊ नये.