आधी भट्टी, मग वस्ती

मॅग्निटोगोर्स्क या रशियन पोलादनगरीचा जन्मदिवस 30 जून 1929 हा मानतात, कारण त्या दिवशी कार्ताली स्थानकाकडून नव्याने टाकलेल्या रुळांवरून पहिली आगगाडी त्या ओसाड माळावर येऊन थांबली. एखाद्या नगराचा जन्मकाळ सांगताना राजाची सनद, गढीची पायाभरणी किंवा देवस्थानाची यात्रा यांचा दाखला न देता आगगाडीच्या आगमनाची तारीख द्यावी लागते, यातच त्या नगराच्या प्रकृतीचे बरेचसे निदान आहे. गाडी आली तेव्हा तेथे कारखाना नव्हता, पेठ नव्हती आणि नगरसभा तर नव्हतीच. होता तो त्याच वर्षीच्या 17 जानेवारीस मॉस्कोत झालेला, येथे पोलादाचा प्रचंड कारखाना उभारावा असा सरकारी निर्णय. नगराचा दर्जा दोन वर्षांनी, 1931 साली मिळाला. कारखाना आधी आणि नगर मागाहून, हा जो क्रम तेव्हा पडला तो पुढे कधीच उलटला नाही. आणि येथला खरा कारभारी कोण, नगरसभा की कारखाना, हा वादही त्या क्रमातूनच निघालेला आहे.

स्थळ तसे अगदीच अनामिक नव्हते. उरल पर्वताच्या दक्षिण भागाच्या पूर्व उतारावर, उरल नदीच्या काठी, लोहखनिजाने भरलेली टेकड्यांची एक लहानशी रांग होती. तिला चुंबकाचा डोंगर म्हणत. झारशाहीने आपला दक्षिण मुलूख राखण्यासाठी ओरेनबुर्गच्या बाजूने ठाण्यांची जी साखळी बांधली तिच्यातले मॅग्नित्नाया हे ठाणे 1743 साली येथे वसले. झारशाहीविरुद्धच्या पुगाचोव्हच्या बंडात, 1774 च्या मे महिन्यात, बंडवाल्यांनी ते काबीज केले आणि त्या चकमकीत खुद्द पुगाचोव्ह जखमी झाला. त्यानंतर दीडशे वर्षे इतिहासाने या ठाण्याची फारशी विचारपूस केली नाही. लोखंड पायाखाली असताना भट्टी मात्र येथे का निघाली नाही, याचे कारण साधे आहे. त्या काळी धातू वितळवायला लाकडी कोळसा लागे, आणि हा तर वृक्षहीन गवताळ प्रदेश. त्यामुळे खनिज गाड्यांवर व हिवाळ्यात घसरगाड्यांवर लादून पश्चिमेकडील जंगलात, 1762 साली निघालेल्या बेलोरेत्स्कच्या कारखान्याकडे न्यावे लागे.

सोव्हिएत योजनाकारांनी या अडचणीवर काढलेला तोडगा धाडसी म्हणावा की अविचारी, यावर मतभेद होऊ शकतील. दगडी कोळसा सैबेरियातील कुझनेत्स्कच्या खाणींतून, दोन हजारांहून अधिक किलोमीटरांवरून, आणावयाचा आणि त्याच वाघिणी परतीच्या फेरीत लोहखनिजाने भरून तिकडच्या भट्ट्यांकडे पाठवावयाच्या, असा हा बेत होता; अर्धा खंड ओलांडून चालणारी ही देवघेव कागदावर अत्यंत सुबक दिसे, पण आगगाडी एक दिवस उशिरा आली की दोन्ही टोकांच्या भट्ट्यांना उपवास घडे. कारखान्याच्या आराखड्यासाठी 1930 साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील आर्थर मॅकी कंपनीशी करार झाला आणि इंडियाना संस्थानातील गॅरीचा पोलाद कारखाना नमुना म्हणून पुढे ठेवण्यात आला. भांडवलशाहीला मागे टाकण्यासाठी उभारावयाच्या कारखान्याचा नकाशा भांडवलदारांच्याच दप्तरातून मागवावा लागला, हा विनोद त्या काळीही अनेकांच्या लक्षात आला असेल. मोठ्याने हसण्याची सोय मात्र नव्हती. परकीय अभियंत्यांनी थोडा धीर धरण्याचा सल्ला दिला असताही, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, 31 जानेवारी 1932 रोजी पहिली झोतभट्टी पेटवली गेली. दुसऱ्या दिवशी कच्च्या लोखंडाचा पहिला रस बाहेर आला, आणि लवकरच भट्टीची दुरुस्तीही काढावी लागली.

भट्ट्यांची तारीख मॉस्कोहून ठरत होती. माणसांच्या घरांची तारीख मात्र कोणीच ठरवली नव्हती. फ्रँकफुर्टमधील गृहरचनेमुळे कीर्ती पावलेले जर्मन स्थापत्यकार एर्न्स्ट मे आपल्या सहकाऱ्यांसह 1930 साली रशियात आले तेव्हा या ‘समाजवादी नगरा’ची आखणी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. कारखाना एका पट्ट्यात, त्याला समांतर दुसऱ्या पट्ट्यात घरे आणि दोहोंच्या मध्ये हिरवळ, असा त्यांचा रेखीव विचार होता. परंतु मे येण्यापूर्वीच कारखान्याची जागा, धरणाचे पाणी आणि पहिल्या वसाहतीचा पाया या तिन्ही गोष्टी ठरून गेल्या होत्या. कामगार सामुदायिक भोजनालयात जेवतील या गृहीतावर पहिल्या इमारतींतील घरांना स्वयंपाकघरेच ठेवली नव्हती, आणि सगळी वसाहत डाव्या तीरावर, कारखान्याच्या धुराच्या टप्प्यात पडली. 1933 साली मे रशिया सोडून गेले. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. माझ्या मते त्यांचा अपराध एवढाच, की जेथे घरांचा विचार सर्वांत शेवटी व्हावयाचा होता तेथे तो सर्वांत आधी होईल अशी त्यांनी समजूत करून घेतली.

तोवर माणसे राहत होती ती तंबूंत, मातीच्या खोपटांत आणि बराकींत. 1932 साली येथे सांधारी म्हणून कामाला आलेल्या जॉन स्कॉट नावाच्या तरुण अमेरिकनाने आपल्या बराकीचे जे वर्णन लिहून ठेवले आहे त्यावरून त्या जीवनाची कल्पना येते. लांबट, बुटकी, चुना फासलेली लाकडी इमारत; दुहेरी भिंती आणि त्यांच्या पोकळीत थंडी अडवण्यासाठी कोंबलेला पेंढा; डांबरी कागदाचे, वसंतात बर्फ वितळू लागले की गळणारे छप्पर; आत तीस खोल्या आणि प्रत्येक खोलीत राहणाऱ्यांनी विटांची किंवा पत्र्याची स्वतः रचलेली एकेक शेगडी. याच बराकीतली माणसे संध्याकाळी दमूनभागून रात्रशाळेत जात आणि शिकून बढती मिळवीत, हेही स्कॉटनेच नमूद केले आहे. त्याचे ते पुस्तक 1942 साली प्रसिद्ध झाले.

आता कारभाराचा विचार करू. कागदोपत्री नगराची एक निर्वाचित नगर-सोव्हिएत होती, तिचा अध्यक्ष होता, खाती होती. पण घरे, स्नानगृहे, रस्त्यांची देखभाल यांचा बहुतांश कारखान्याच्या नागरी-व्यवस्था खात्याच्या ताब्यात होता, आणि भाकरी, कापडचोपड व बूट यांचे वाटप कारखान्याच्याच पुरवठा विभागाकडून होई. ज्याच्या हाती घराची किल्ली आणि भाकरीची चिठ्ठी त्याचाच अंमल चालावयाचा. त्यामुळे कारखान्याचे संचालक हे या मुलखाचे सुभेदारच होते. 1933 ते 1937 या काळात ते पद भूषविणारे अवरामी झावेन्यागिन यांचे निवासस्थान बराकींपासून दूर, मूळ अमेरिकन तज्ज्ञांसाठी बांधलेल्या टुमदार बंगल्यांच्या वसाहतीत होते. तिसरे सत्ताकेंद्र पक्षाच्या नगरसमितीचे, आणि चौथे, ज्याचे नाव हलक्या आवाजात घेतले जाई ते, गुप्त पोलिसांचे. डिसेंबर 1932 मध्ये अंतर्गत पारपत्राची पद्धत सुरू झाल्यावर कोणी कोठे राहावे याची नोंद आणि परवानगीही पोलिसांच्या दप्तरी गेली.

या चौथ्या केंद्राच्या ताब्यात नगराचा एक मोठा भाग होता. सामुदायिक शेतीच्या मोहिमेत ‘कुलक’ ठरवून ज्यांची घरेदारे जप्त झाली अशी शेतकरी कुटुंबे 1931 साली हजारोंच्या संख्येने मालगाड्यांतून येथे आणून उतरवण्यात आली. ती पोलिसांच्या देखरेखीखालील निराळ्या वस्त्यांत राहत, आणि त्यांचा पहिला हिवाळा तंबूंत गेला. त्यांत मुले फार दगावली. व्हॅलेंटिन कतायेव यांची येथील काँक्रीट कालवण्याच्या विक्रमावरील कादंबरी आणि डच दिग्दर्शक योरिस इव्हेन्स यांचा येथल्या उभारणीवरील चित्रपट, या दोन्ही कलाकृती त्याच वर्षांतल्या, 1932 च्या. त्यांतला उत्साह खोटा नव्हता, परंतु ज्यांच्या खांद्यावर तो उभा होता त्यांतल्या पुष्कळांना तेथून जाण्याची मुभा नव्हती हे त्यांत दिसत नाही.

सुभेदारीही सुरक्षित नव्हती. पक्षाच्या नगरसमितीचे चिटणीस बेसो लोमिनाद्झे यांनी 1935 च्या जानेवारीत, चौकशीचा फास आवळत असताना, स्वतःवर गोळी झाडून घेतली. कारखान्याचे माजी संचालक गुगेल आणि बांधकामाचे प्रमुख व्हालेरियुस हे दोघेही पुढच्या, स्टालिनच्या महाशुद्धीकरणात प्राणास मुकले. झावेन्यागिन मात्र उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या नोरिल्स्कला रवाना झाले आणि कालांतराने अणुबाँबच्या योजनेतील बडे अधिकारी बनले.

युद्धाने या सर्व खटाटोपाला एक प्रकारचे समर्थन मिळवून दिले, हे मान्य करावे लागते. 1941 च्या जुलैत, चिलखती पत्र्यासाठी लागणारे यंत्र अद्याप उभे राहिले नसताना, ओतीव ठोकळे दाबण्यासाठी बांधलेल्या यंत्रावरच येथील कामगारांनी रणगाड्यांचा पत्रा लाटून दाखवला, आणि मारिउपोलहून उखडून आणलेली लाटणयंत्रे येथे उभी केली. प्रत्येक दुसरा सोव्हिएत रणगाडा आणि प्रत्येक तिसरा तोफगोळा मॅग्निटोगोर्स्कच्या पोलादाचा, अशी सार्थ अभिमानाची लोकोक्ती तेथे रूढ आहे. 1979 साली उभारलेल्या स्मारकात, लेव्ह गोलोव्हनित्स्की यांच्या शिल्पात, कामगार सैनिकाच्या हाती तलवार देतो. ती तलवार पुढे व्होल्गोग्राडच्या मातृमूर्तीच्या हाती उगारलेली दिसते आणि बर्लिनच्या सैनिकपुतळ्याच्या हाती खाली झुकलेली, अशी ही तीन शिल्पांची मालिका समजली जाते.

युद्धानंतर धुराच्या टप्प्यात घरे बांधण्याची चूक दुरुस्त करण्याचे मनावर घेतले गेले आणि वस्ती हळूहळू उजव्या तीरावर सरकली. रुंद रस्ते, कमानी, झाडांच्या रांगा, सारे काही तिकडे झाले. उरल नदी ही युरोप-आशियाची सीमा धरली जाते. तेव्हा आशियात भट्टीवर पाळी करावी आणि युरोपात येऊन निजावे, असा येथील हजारो कामगारांचा नित्यक्रम झाला, आणि 1935 पासून सुरू असलेली ट्राम त्यांना पुलांवरून ने-आण करू लागली. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अर्ध्या तासाने मागे असते, म्हणजे हा ‘युरोप’ वेळेच्या हिशेबाने मुंबईचा शेजारी.

शेजाराचा याहून खरा धागा भिलाईचा. सोव्हिएत साहाय्याने तेथे पोलाद कारखाना काढण्याचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. भिलाईच्या उभारणीवर 1957 ते 1959 या काळात सोव्हिएत बाजूने मुख्य अभियंता होते ते व्हेनियामिन डिम्शिट्स. युद्धकाळात मॅग्निटोगोर्स्कचे बांधकाम खाते त्यांनीच सांभाळले होते. मात्र आपल्याकडील कोणा उत्सुक प्रवाशाला त्यांचे ते नगर पाहावयाचे असते तर ते दुर्घट होते, कारण परकीयांना त्याची दारे कित्येक दशके बंद होती.

सोव्हिएत सत्ता लयास गेल्यावर 1992 साली कारखाना भागधारकांच्या कंपनीत रूपांतरित झाला आणि पुढे व्हिक्टर राश्निकोव्ह यांच्या ताब्यात एकवटला. नगराच्या बाजूने पाहिले तर, नव्या रशियन राज्यघटनेच्या 12 व्या कलमाने स्थानिक स्वराज्य हे राज्यसत्तेहून स्वतंत्र ठरवले. 2020 च्या दुरुस्तीने ते ‘एकात्म सार्वजनिक सत्ते’त पुन्हा गोवून टाकले. आज सुमारे चार लाखांच्या या नगराचे लेनिन, ओर्जोनिकिद्झे व उजवा तीर असे तीन विभाग आहेत, निर्वाचित नगरसभा आहे. नगरप्रमुख मात्र आता थेट मतदानाने न निवडता, ज्या समितीतील निम्मे सभासद राज्यपाल नेमतात तिने छाननी केलेल्या उमेदवारांतून नगरसभा निवडते. उत्पन्नाची वाटणी तर याहून बोलकी आहे. कंपनीच्या नफ्यावरील कर केंद्र आणि प्रांत यांच्या तिजोऱ्यांत जातो, कामगारांच्या पगारातून कापलेल्या आयकराचा थोडा हिस्सा नगराकडे राहतो, आणि जमीन व खाजगी घरे यांवरील किरकोळ करांवर पूर्ण हक्क नगराचा. धूर मात्र अविभक्त राहतो. केंद्राने हवाशुद्धीच्या योजनेसाठी देशातील जी बारा नगरे पहिल्याने निवडली त्यांत मॅग्निटोगोर्स्क आहे, आणि एकाच उद्योगावर जगणाऱ्या नगरांच्या सरकारी यादीतही.

ज्या डोंगरासाठी हा सारा प्रपंच मांडला तो मात्र बहुतांशी खोदून संपला आहे. कित्येक दशके कारखान्याच्या खनिजाचा मोठा वाटा कझाकस्तानातील सोकोलोव्ह-सार्बाईच्या खाणींतून येत असे. पूर्वी तो एकाच देशातला प्रवास होता, 1991 नंतर मध्ये सरहद्द आली. 2022 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने कारखान्यावर व त्याच्या मालकावर निर्बंध घातले, तेव्हा कझाक खाणवाल्यांनी माल पाठवणे थांबवले आणि रशियातील अन्य खाणींकडे धाव घ्यावी लागली. त्या निर्णयांपैकी एकही नगरसभेपुढे येण्याजोगा नव्हता.